रेपॉझिटरीतल्या नावांत जगभरच्या स्पेस कशा चालवायच्या

जपानी कीबोर्डवर काम करणारी एक संपादिका रेपॉझिटरीत, म्हणजे संस्थेचा मजकूर फोल्डरांच्या झाडात साठवणाऱ्या प्रणालीत, नवा फोल्डर करते. नावात दोन शब्द आहेत, म्हणून मध्ये स्पेसबार दाबते. उत्तर येते: 'अवैध नाव'. ती पुन्हा टाइप करते, पुन्हा तेच. तिच्या डोळ्यांना दोन शब्द आणि त्यांच्यामधली मोकळी जागा दिसते; त्यात अवैध काय असावे, हे तिला कळणार तरी कसे?

त्याच रेपॉझिटरीत दुसरा कोणी वर्डमधून नाव कॉपी करून चिकटवतो. त्याच्या शेवटी न तुटणारी स्पेस लटकलेली आहे. ते नाव विनातक्रार जतन होते आणि पुढे कित्येक महिने 'फोल्डर समोर दिसतो, पण पाथ दिला की सापडत नाही' अशा तक्रारी येत राहतात.

जे चालायला हवे ते अडले आणि जे अडायला हवे ते चालले. जावात लिहिलेल्या रेपॉझिटरीत बहुतेक वेळा या दोन्ही घटना कोडच्या एकाच ओळीतून जन्मतात: साध्या स्पेसखेरीज दुसऱ्या वर्णाला 'इजव्हाइटस्पेस' हे फंक्शन 'हो' म्हणाले तर नाव नाकारा. जपानी इनपुटमध्ये काना चालू असताना स्पेसबार दाबला की साधी स्पेस (यू+००२०) न येता पूर्ण रुंदीची, यू+३००० ही स्पेस येते. जावाच्या लेखी ती व्हाइटस्पेस आहे, म्हणून अडते. यू+००ए० ही न तुटणारी स्पेस मात्र जावाचे हे फंक्शन व्हाइटस्पेस मानतच नाही, म्हणून ती शेवटी असली तरी सुटते.

(कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने वर्णांना दिलेले क्रमांक, इथे देवनागरीत लिहिले आहेत. सोळाच्या पायातला ए म्हणजे १० आणि एफ म्हणजे १५, इतके लक्षात ठेवले की पुरे.)

पायरी १: 'व्हाइटस्पेस' म्हणजे काय, ते भाषेला विचारू नका

युनिकोडमध्ये व्हाइटस्पेस हा गुणधर्म २५ कोडपॉइंटना आहे. यू+०००९ ते यू+०००डी हे पाच (टॅब, नवी ओळ वगैरे), साधी स्पेस, यू+००८५, यू+००ए०, ओगम लिपीची यू+१६८०, छपाईतल्या वेगवेगळ्या रुंदीच्या यू+२००० ते यू+२००ए अशा अकरा, ओळ आणि परिच्छेद तोडणारे यू+२०२८ व यू+२०२९, अरुंद न तुटणारी यू+२०२एफ, गणितातली यू+२०५एफ आणि शेवटी यू+३०००. ओगम ही आयर्लंडची जुनी लिपी आणि तिची 'स्पेस' अनेक फॉन्टांत चक्क रेघ म्हणून दिसते. म्हणजे 'दिसत नाही ती स्पेस' ही व्याख्यासुद्धा टिकत नाही.

यादी एवढी स्पष्ट असूनही प्रत्येक भाषेचे आपले वेगळेच. जावाचे 'इजव्हाइटस्पेस' यू+००ए०, यू+२००७ आणि यू+२०२एफ वगळते, यू+००८५ ही वगळते, पण यू+००१सी ते यू+००१एफ हे नियंत्रण-वर्ण आत घेते. जावाचेच 'इजस्पेसकॅर' न तुटणाऱ्या स्पेस घेते, पण टॅब सोडून देते. 'ट्रिम' यू+००२० पर्यंतचे सगळे कापते, त्यापुढचे काहीच नाही. जावा ११ मध्ये आलेले 'स्ट्रिप' पुन्हा 'इजव्हाइटस्पेस'वरच उभे आहे. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधला (मजकुरात नमुना शोधण्याच्या सूत्रातला) व्हाइटस्पेसचा वर्ग यू+एफईएफएफ, म्हणजे बाइट ऑर्डर मार्कसुद्धा, स्पेस धरतो. युनिकोड तसे धरत नाही. पायथन यू+००ए० धरतो. गो युनिकोडच्या यादीच्या सर्वांत जवळ आहे.

आता ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, सर्व्हरवर जावा आणि आयातीच्या स्क्रिप्टसाठी पायथन अशी नेहमीची मांडणी घ्या. एकाच नावाबद्दल तिघांचे तीन निकाल लागू शकतात.

यादीही कायमची नसते. मंगोलियन लिपीचा यू+१८०ई हा वर्ण युनिकोड ६.३ मध्ये, २०१३ साली, व्हाइटस्पेसमधून बाहेर काढला गेला. शून्य रुंदीची यू+२००बी त्याआधीच, युनिकोड ४.०.१ मध्ये, 'स्पेस' वर्गातून निघाली. याचा अर्थ जावाची आवृत्ती बदलली की तुमच्या रेपॉझिटरीचा नियम कोणी न ठरवता बदलू शकतो.

म्हणून पहिले काम छोटे आहे: स्वतःचा तक्ता करा. तीसेक नोंदींचा, एका जागी, आवृत्ती क्रमांकासह. सर्व्हर, ब्राउझर आणि आयातीची साधने यांनी तोच वाचायचा.

पायरी २: स्पेसिफिकेशनमध्ये किती मोकळीक आहे

जावा कंटेंट रेपॉझिटरीचे पहिले स्पेसिफिकेशन जेएसआर १७० हे २००५ चे. त्यात नावाच्या मधोमध फक्त साधी स्पेस चालत असे; सुरुवातीला आणि शेवटी कुठलीही व्हाइटस्पेस नाही. २००९ च्या जेएसआर २८३ मध्ये हे बरेच सैल झाले. स्थानिक नावात एक्सएमएल १.० ला मान्य असलेला कुठलाही वर्ण चालतो, फक्त / : [ ] | * हे सहा सोडून, आणि पूर्ण नाव एका किंवा दोन टिंबांचे असू नये. व्हाइटस्पेसचा त्या व्याकरणात उल्लेखच नाही. त्यामुळे कागदावर यू+३००० वैध आहेच, पण नावाच्या मध्ये टॅब आणि नवी ओळसुद्धा वैध ठरते. इतकी सैल व्याख्या जशीच्या तशी अमलात आणू नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे पायरी ५ मध्ये येतात.

जुन्या काळापासून चालत आलेल्या कोडमध्ये १७० ची सावली अजून सापडते. नियम बदलण्याआधी नाव कुठेकुठे तपासले जाते ते शोधा. माझ्या अनुभवात एवढ्या जागा तरी निघतात: नाव वाचणारा पार्सर, कमिटच्या वेळचा व्हॅलिडेटर, वेबडॅव्हचा (वेबवरून फायली हाताळण्याच्या पद्धतीचा) दरवाजा, संपादकाच्या पडद्यावरचा फॉर्म आणि पॅकेज आयात. यातल्या एका ठिकाणी नियम सैल केला आणि बाकीचे विसरले, तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते. नाव पडद्यावरून बनते, पण पॅकेजमधून परत येत नाही.

पायरी ३: नियम लिहा

टोके आणि मध्य वेगळे धरायचे. याच एका भेदावर सगळा नियम उभा राहतो.

टोकांना, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या जागी, पंचवीसपैकी एकही वर्ण नको. न तुटणारीही नको आणि यू+३००० ही नको. टोकाची स्पेस कुठल्याच भाषेत अर्थ वाहत नाही. ती चिकटवण्यातून नाहीतर बोटाच्या चुकीतून येते. शिवाय विंडोज फाइलच्या नावामागची साधी स्पेस कापून टाकते, त्यामुळे असा मजकूर डिस्कवर उतरवला की नाव बदललेले असते.

मध्यभागी उदार राहा. साधी स्पेस, यू+००ए०, यू+१६८०, यू+२००० ते यू+२००ए, यू+२०२एफ, यू+२०५एफ, यू+३०००: युनिकोडच्या 'झेडएस' वर्गातले हे सगळे १७ वर्ण येऊ द्या. फ्रेंचमध्ये प्रश्नचिन्हाच्या आधी न तुटणारी अरुंद स्पेस देण्याची रीत आहे. लेखाचे शीर्षक तेच नोडचे (रेपॉझिटरीतल्या फोल्डरसारख्या एका नोंदीचे) नाव झाले की ती सोबत येणारच. मॅकओएसच्या अलीकडच्या आवृत्त्या स्क्रीनशॉटच्या फाइलनावात वेळेच्या आणि एएम-पीएमच्या मध्ये यू+२०२एफ टाकतात. म्हणजे हा प्रश्न केवळ चिनी-जपानी मजकुराचा राहिलेला नाही. इंग्रजीत काम करणाऱ्याने स्क्रीनशॉट अपलोड केला तरी तो तुमच्या दारात येऊन उभा राहतो.

ओळ तोडणारे वर्ण कुठेच नकोत. टॅब, नवी ओळ, यू+००८५, यू+२०२८, यू+२०२९ आणि सगळे नियंत्रण-वर्ण सरसकट नाकारा. नाव एका ओळीत राहते, या गृहीतावर लॉगपासून सीएसव्हीपर्यंत सगळे चालते.

आता व्हाइटस्पेस नसलेले पण न दिसणारे वर्ण. 'अदृश्य ते सगळे काढा' असा एक रेगेक्स इथे फार लोकप्रिय आहे आणि तो मराठीला थेट नडतो. 'दुसऱ्या'मधला अर्धा र जुन्या मजकुरात अनेकदा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक यू+२००डी असा साठवलेला असतो. तो जोडक काढला की उरते 'दुसर्या', रफार डोक्यावर चढतो आणि शब्द चुकतो. फारसीत अक्षरे जुळू न देणाऱ्या, शून्य रुंदीच्या यू+२००सी शिवाय शुद्धलेखन होत नाही. ख्मेर आणि थाईमध्ये शब्द कुठे तुटतो ते सांगायला यू+२००बी वापरतात. हे तिन्ही मध्यभागी चालू द्या. यू+एफईएफएफ मात्र नाकारा, कारण नावात तो फाइलच्या डोक्यावरून घसरत आलेला असतो. लेखनाची दिशा उलटवणारे यू+२०२ए ते यू+२०२ई आणि यू+२०६६ ते यू+२०६९ हेही नाकारा. त्यांच्या मदतीने फाइलचे एक्स्टेन्शन दुसरेच भासवता येते.

शेवटची अट: नावात निदान एक तरी दिसणारा वर्ण हवा. हंगुल फिलर यू+३१६४ युनिकोडच्या हिशेबी अक्षर आहे, पण पडद्यावर कोरा. कोऱ्या ब्रेल चौकटीचा यू+२८०० हा 'चिन्ह' आहे. दोघेही वरच्या सगळ्या चाळण्यांतून निवांत निघून जातात. त्यांना या अटीपुरते 'न दिसणारे' मोजा.

कोडचा क्रम असा ठेवा:

नाव रिकामे असेल, किंवा एक वा दोन टिंबांचे असेल, तर नाकारा.
नाव एकेका कोडपॉइंटने वाचा, १६ बिटांच्या तुकड्यांनी नको.
सहा निषिद्ध चिन्हे, नियंत्रण-वर्ण, ओळतोडे, दिशा-वर्ण किंवा यू+एफईएफएफ सापडला तर नाकारा.
पहिल्या किंवा शेवटच्या जागी तक्त्यातली स्पेस असेल, किंवा शून्य रुंदीचा वर्ण असेल, तर नाकारा.
एकही दिसणारा वर्ण मिळाला नाही तर नाकारा.
नाहीतर स्वीकारा, आणि जसे आले तसेच साठवा.

पायरी ४: गुपचूप दुरुस्ती नको

शेवटच्या ओळीवर वाद होतो, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. 'यू+३००० आली तर साधी स्पेस करून टाकू, सगळ्यांचे काम सोपे' हा मोह मोठा आहे. मीही एकदा त्याला बळी पडलो. एका जुन्या प्रकल्पात सर्व्हर टोकाची स्पेस न सांगता कापत असे. रात्रीची आयात-स्क्रिप्ट विचारायची, 'या नावाचा फोल्डर आहे का?' तिच्याकडे न कापलेले नाव होते, त्यामुळे उत्तर 'नाही'. मग ती नवा फोल्डर बनवायची, सर्व्हर नाव कापायचा आणि तो फोल्डर आधीच्याशेजारी बसायचा. त्या रेपॉझिटरीत एकाच नावाची भावंडे चालत असल्याने रोज सकाळी शेपटीला [२], [३], [४] लावलेला एकेक नवा फोल्डर हजर. सतराव्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आले.

एपीआयला जे नाव दिले, त्याच नावाने ते परत मिळाले पाहिजे. मिळणार नसेल तर स्पष्ट नकार द्या. माणूस टाइप करतो त्या फॉर्ममध्ये मात्र टोके कापायला हरकत नाही, कारण जतन होण्याआधी त्याला बदललेले नाव दिसते.

मग दोन नावे दिसायला सारखी आणि आतून वेगळी असली तर? त्यासाठी साठवलेले नाव न बदलता प्रत्येक नावाची एक तुलना-किल्ली काढा. झेडएस वर्गातली प्रत्येक स्पेस साधी करा, लागोपाठच्या स्पेसची एक करा, यू+२००बी गाळा. यू+२००सी आणि यू+२००डी ठेवा. त्यांनी दिसणारे रूप बदलते. नवा नोड बनवताना त्याच किल्लीचे भावंड आधीच असेल तर संपादकाला इशारा द्या. एपीआयवर अडवायचे की नाही, ही सेटिंगची गोष्ट ठेवा.

या किल्लीसाठी एनएफकेसी, म्हणजे सारख्या वर्णांची रूपे एक करणारे युनिकोडचे तयार सामान्यीकरण, वापरावे असे अनेकांना वाटते. मी टाळतो. ते यू+३००० आणि यू+००ए० साधी करते खरे, पण ओगमची स्पेस तशीच सोडते, वर चढवलेल्या २ चा साधा २ करते आणि यू+००बी४ या सुट्या अक्यूट चिन्हाची 'स्पेस अधिक जोडचिन्ह' अशी फोड करते. म्हणजे ज्या नावात स्पेस नव्हतीच, त्याच्या सुरुवातीला ती उगवते. एनएफसी हे त्याचे सौम्य रूपसुद्धा पूर्ण निरुपद्रवी नाही: यू+२००० चे ते यू+२००२ करते आणि यू+२००१ चे यू+२००३. कुठल्याही थरात एनएफसी चालत असेल, तर 'जसे आले तसे साठवा' हे वचन तिथेच मोडते.

नकाराचा संदेशही नियमाइतकाच महत्त्वाचा. 'अवैध नाव' एवढ्याने कोणाचे भले होत नाही. 'नावाच्या शेवटी, १२ व्या जागी, न तुटणारी स्पेस (यू+००ए०) आहे. ती काढा' असे लिहा. न दिसणाऱ्या वर्णाची तक्रार त्याचे नाव घेऊनच करावी लागते.

पायरी ५: बाहेरचे दरवाजे

यूआरएलमध्ये यू+३००० चे यूटीएफ-८ मधले तीन बाइट, ई३ ८० ८०, टक्केचिन्हासह जातात. अधिकचे चिन्ह (+) फक्त साध्या स्पेसच्या जागी आणि फक्त फॉर्मच्या मजकुरात येते. पाथमध्ये ते अधिकचे चिन्हच राहते. मधला एखादा प्रॉक्सी दोनदा डीकोड करत असेल तर तो याच टप्प्यावर उघडा पडतो.

एक्सएमएल निर्यातीत दोन वाटा आहेत. डॉक्युमेंट व्ह्यूमध्ये नोडचे नाव एलिमेंटचे नाव होते, म्हणून स्पेस अंडरस्कोर, एक्स, चार अंक, अंडरस्कोर या रूपात लिहिली जाते. तुमचा एन्कोडर फक्त ००२० ओळखतो की ३००० आणि ००ए० सुद्धा, ते पाहा. सिस्टिम व्ह्यूमध्ये नाव ॲट्रिब्यूटमध्ये बसते, आणि तिथे टॅब किंवा नवी ओळ उघडी लिहिली गेली तर वाचताना एक्सएमएल पार्सर तिची साधी स्पेस करतो. निर्यात केलेले नाव आणि आयात झालेले नाव वेगळे. ओळतोडे आणि टॅब मी पायरी ३ मध्ये सरसकट बाहेर ठेवले, त्याचे मुख्य कारण हेच. एक्सपाथ या शोधभाषेच्या क्वेरीतल्या पाथलाही हेच एन्कोडिंग लागते, हे लोक विसरतात.

शोधात ल्युसीन या शोध-लायब्ररीचा व्हाइटस्पेस टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) जावाच्या त्याच 'इजव्हाइटस्पेस'वर चालतो. यू+३००० वर तो शब्द तोडतो, यू+००ए० वर तोडत नाही. मग मध्ये यू+००ए० असलेला 'वार्षिक अहवाल' हा एकच शब्द होतो आणि 'अहवाल' शोधला की हाती काही लागत नाही. युनिकोडची यादी पाळणारा टोकनायझर ल्युसीनमध्ये वेगळा आहे, तो लावा आणि इंडेक्स पुन्हा बांधा.

पायथनच्या स्क्रिप्टमध्ये पाथांची यादी वाचताना रिकामा 'स्प्लिट' यू+३००० वरही तुकडे पाडतो. 'स्प्लिटलाइन्स' तर यू+००८५ आणि यू+२०२८ वरही. जुन्या डेटात असे वर्ण असतील तर फक्त नव्या ओळीच्या वर्णावर तोडा.

लांबीची मर्यादा बाइटमध्ये मोजा. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीचे अक्षर तीन बाइट घेते आणि यू+३००० ही तीनच. वर्ण मोजून दिलेली परवानगी डिस्कवर जाऊन फसते.

पायरी ६: आधीच्या डेटाचे काय

नियम लागू करण्याआधी एक वाचन-फेरी मारा. साध्या स्पेसखेरीज तक्त्यातला कुठलाही वर्ण असलेले प्रत्येक नाव, त्याचा पाथ आणि कोडपॉइंट फाइलमध्ये काढा. टोकाला न तुटणारी स्पेस असलेले नोड निघतीलच. जुन्या नियमाने त्यांना वाट दिली होती.

त्यांना वाचायला कधीही अडवू नका. तपासणी फक्त नवे नाव तयार होताना करा. पण इथे एक खोच आहे: काही रेपॉझिटरींत नोड हलवणे म्हणजे आतून 'तिथून काढा, इथे घाला'. त्यामुळे कोणी वरचा मोठा फोल्डर हलवला की खालचे प्रत्येक नाव 'नवे' ठरते आणि कुठल्यातरी तळाच्या नोडमधल्या स्पेसपायी अख्खे हलवणे फसते. बॅकअपमधून पॅकेज आयात करतानाही तेच होते. म्हणून कडक नियम आधी काही आठवडे फक्त लॉगमध्ये नोंद करणारा ठेवा, नंतर नकार देणारा करा.

जुनी नावे बदलायची ठरवलीत तर पाथ मजकुरात कुठे लिहिला आहे ते आधी शोधा. ओळखक्रमांकाने केलेले संदर्भ टिकतात. प्रॉपर्टीत स्ट्रिंग म्हणून लिहिलेले पाथ, परवानग्यांच्या नोंदी, इंडेक्सची व्याख्या आणि यूआरएलचे रीडायरेक्ट टिकत नाहीत.

मध्यभागाची सवलत देताना क्रम उलटा असतो. लेखनाचा सर्व्हर आधी अद्ययावत केला तर संपादक यू+३००० असलेला फोल्डर बनवतील आणि प्रकाशनाचा जुना सर्व्हर तो स्वीकारणार नाही, रांग तुंबेल. आधी घेणारे सर्व्हर, मग देणारे. ही सवलत दिल्यावर जुन्या आवृत्तीवर परत जाणेही अवघड होते, म्हणून पहिल्या आवृत्तीत सेटिंगमागे बंद ठेवून पाठवा आणि सगळीकडे पोचल्यावर उघडा.

चाचण्या

२५ वर्ण, तीन जागा (आधी, मध्ये, शेवटी): ७५ चाचण्या एका लूपमध्ये होतात. त्यांच्या जोडीला यू+२००बी, यू+२००सी, यू+२००डी, यू+१८०ई, यू+एफईएफएफ, यू+३१६४ आणि यू+२८०० घ्या. स्वीकारलेले प्रत्येक नाव बनवा, त्याच नावाने वाचा, दोन्ही प्रकारे निर्यात करा, कोऱ्या रेपॉझिटरीत आयात करा, यूआरएलने मागवा आणि प्रत्येक टप्प्यावर बाइट जुळवा. चाचणीच्या कोडमध्ये हे वर्ण एस्केप करून, आकड्यांनी लिहा. उघडे लिहिलेत तर कोणाचा तरी एडिटर फाइल जतन करताना ते 'नीटनेटके' करतो, चाचणी हिरवीच राहते, आणि ती यू+००ए० न तपासता साध्या स्पेसलाच पंचवीस वेळा तपासत बसते.